सिडनीची मुदत : संकेतस्थळे सर्वांना खुली करण्याच्या तत्त्वांचा इतिहास

१५ सप्टेंबर २००० च्या रात्री सिडनीच्या ऑलिंपिक मैदानावर कॅथी फ्रीमन पाण्यात उभी होती, तिच्याभोवती अग्नीचे कडे पेटत होते आणि सारे जग ते दृश्य पाहत होते. त्याच तारखेला आणखी एक मुदत संपत होती. तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आणि समान संधी आयोगाने ऑलिंपिक संयोजन समितीला बजावले होते की, उद्घाटनाच्या दिवसापर्यंत आपले संकेतस्थळ अंध माणसालाही वापरता येईल असे करावे. समितीने काही किरकोळ बदल केले आणि बाकीचे तसेच सोडून दिले.

मंडळी, आजचा धागा या मुदतीविषयी आणि तिच्या मागेपुढे घडलेल्या गोष्टींविषयी आहे. किल्ले, सनदा आणि लढाया यांच्या सवयीच्या वाचकांना विषय जरा परका वाटेल. पण संकेतस्थळाच्या इतिहासालाही आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यातही दप्तरे आहेत, वाद-प्रतिवाद आहेत आणि हक्काची भांडणे आहेत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर चित्रांचा प्रश्न नव्हताच. तिथल्या शास्त्रज्ञांकडे नाना प्रकारचे संगणक होते आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नसे. म्हणून त्यांनी एक साधी खूणभाषा रचली. 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'हा दुवा' एवढेच ती सांगत असे. ते कसे दिसावे हे ज्याच्या त्याच्या यंत्राने ठरवायचे. १९९१ मध्ये निकोला पेलो या तरुण विद्यार्थिनीने केवळ अक्षरे दाखवणारा ब्राउझर लिहिला, तो जवळजवळ कोणत्याही संगणकावर चालत असे. म्हणजे सुगम्यता हा शब्द कोणी उच्चारण्यापूर्वीच वेबचा पाया सुगम्य होता. पुढे जे बिघडले ते वरचे मजले चढवताना बिघडले.

१९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 'मोझॅक' हा ब्राउझर तयार झाला आणि मजकुराच्या मधोमध चित्र दिसू लागले. वेब लोकप्रिय झाली ती यामुळेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चित्राच्या टॅगबरोबर एक प्रश्नही आला : ज्याच्या यंत्रावर चित्र दिसत नाही त्याने काय करायचे? त्यावर 'ऑल्ट' नावाची सोय निघाली. चित्राच्या जागी वाचण्यासाठी पर्यायी मजकूर देण्याची ही सोय १९९५ च्या 'एचटीएमएल २.०' मध्ये नोंदलेली आहे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. केवळ अक्षरे दाखवणारे 'लिंक्स'सारखे ब्राउझर वापरणाऱ्यांचीही, म्हणजे डोळस लोकांचीही, ती त्या काळी तितकीच गरज होती. त्या वाचकांचे यंत्र बदलले, गरज संपली आणि 'ऑल्ट' रिकामे राहू लागले. ज्यांची गरज संपली नव्हती, त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

त्यांची अडचण समजायला स्क्रीन रीडर म्हणजे काय ते ठाऊक हवे. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणारा हा प्रोग्रॅम असतो. डॉसच्या काळात काम सोपे होते, कारण पडद्यावर जे अक्षर दिसे ते संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच असे. विंडोज आली आणि पडदा ठिपक्यांचा झाला. टेड हेन्टर हे मोटारसायकल शर्यतींत भाग घेणारे अभियंते होते, १९७८ मधील अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी 'जॉज' हा स्क्रीन रीडर काढला आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी. जपानमध्ये आयबीएमच्या संशोधक चिएको असाकावा यांनी १९९७ मध्ये 'होम पेज रीडर' बाजारात आणला. त्या स्वतः चौदाव्या वर्षापासून दृष्टिहीन. आयबीएमचे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

इकडे संकेतस्थळे रचणारे मात्र उलट्या दिशेने निघाले होते. पान छापील मासिकासारखे देखणे दिसावे म्हणून त्यांनी तक्त्यांचा, म्हणजे टेबलांचा, आधार घेतला. डावीकडे यादी, मध्ये मजकूर, उजवीकडे जाहिरात, सगळे एका अदृश्य तक्त्याच्या घरांत बसवायचे आणि जागा राखायला एका ठिपक्याएवढी पारदर्शक चित्रे पेरायची. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील पुस्तकाने ही युक्ती घरोघर पोहोचवली. त्या वेळचे अनेक स्क्रीन रीडर पडद्याची ओळ डावीकडून उजवीकडे सरळ वाचत. परिणाम असा, की यादीतला एक शब्द, बातमीतले तीन शब्द आणि जाहिरातीतले दोन शब्द सलग ऐकू येत. वर्तमानपत्राचे पान स्तंभ न पाहता आडवे वाचून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

तक्रार करणारे होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागोत वेबविषयक दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या आधी अपंगांच्या वापराविषयी एक कार्यशाळा झाली होती आणि बर्नर्स-ली यांनी आपल्या भाषणात या प्रश्नाचा उल्लेख केला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्राचे ग्रेग व्हॅन्डरहायडन यांनी जानेवारी १९९५ मध्ये मार्गदर्शक सूचनांची पहिली यादी प्रसिद्ध केली. मग यादीवर यादी निघत गेली, प्रत्येक संस्थेची वेगळी. एप्रिल १९९७ मध्ये वेबचे मानदंड ठरवणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी' या संघाने सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम जाहीर केला आणि या विखुरलेल्या याद्यांना एक घर मिळाले. ५ मे १९९९ रोजी 'वेब आशय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे', आवृत्ती १.०, प्रसिद्ध झाली. चौदा तत्त्वे, पासष्ट तपासमुद्दे. पहिल्या तत्त्वाचा गाभा तोच जुना : चित्राला पर्यायी मजकूर द्या.

आणि ७ जून १९९९ रोजी, म्हणजे महिन्याभरातच, सिडनीत ब्रूस मॅग्वायर यांनी तक्रार दाखल केली.

मॅग्वायर जन्मापासून दृष्टिहीन. ते ब्रेल वाचत आणि संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीच्या साहाय्याने काम करत. ऑलिंपिक त्यांच्या शहरात भरणार होते. त्यांची पहिली तक्रार कागदाविषयी होती : तिकिटांची माहितीपुस्तिका ब्रेलमध्ये मिळत नाही. आणखी एक संकेतस्थळाविषयी, आणि तिच्यात तीन अगदी नेमक्या मागण्या होत्या. चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाता यावे, आणि निकालांचे तक्ते वाचता यावेत. आधार होता ऑस्ट्रेलियाच्या १९९२ च्या अपंगत्व भेदभाव कायद्याचा. त्या कायद्यात 'संकेतस्थळ' हा शब्द नाही, असणारही नाही. १९९२ मध्ये कायदे करणाऱ्यांपैकी कोणी संकेतस्थळ पाहिले असण्याचा संभव कमीच.

मराठेशाहीतील महजर वाचणाऱ्यांना ठाऊक असते की, निवाड्यापेक्षा वादी-प्रतिवादींचे करीने अधिक बोलके असतात. माणूस आपली बाजू मांडताना त्या काळच्या समजुती नकळत उघड करतो. मॅग्वायर खटल्यातील समितीची बाजू याच दृष्टीने वाचावी. समिती म्हणाली, संकेतस्थळाचे काम खूप पुढे गेले आहे, आता मागे वळणे अवघड. सदतीस खेळांच्या निकालांसाठी १२९५ साचे आहेत, एकेका साच्याला दोन-दोन तास लागतील. एका माणसाने रोज आठ तास काम केले तरी वर्षाहून अधिक काळ जाईल. वेगळी यंत्रणा उभारावी लागेल, खर्च २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाईल. कायद्यात 'अवाजवी बोजा' पडत असेल तर सूट होती. समितीने तिच्याकडे बोट दाखवले.

या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत आहे, आणि माझ्या मते सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. सुगम्यता म्हणजे इमारत पूर्ण झाल्यावर मागून चढवायचा जिना, असे समिती मानत होती. मॅग्वायर यांच्या बाजूने साक्ष देणारे दोन तज्ज्ञ, टॉम वर्दिंग्टन आणि युटा ट्रेव्हिरानस, यांनी नेमके हेच खोडून काढले. साच्यांची संख्या सांगितली जाते त्याहून बरीच कमी आहे, दोन तासांचा हिशेब फुगवलेला आहे, यंत्रणा आधीच जागेवर आहे, आणि खर्च माफक आहे. मुळात हे सारे आरंभीच केले असते तर वेगळा हिशेब मांडण्याची वेळच आली नसती.

आता आयबीएम. ऑलिंपिकचे हे संकेतस्थळ बांधून देणारी कंपनी तीच होती. एकाच कंपनीच्या जपानमधील प्रयोगशाळेत एक अंध संशोधक वेबला वाचा देत होती आणि त्याच कंपनीने सिडनीसाठी मुके तक्ते रचले होते. यात कट वगैरे काही नाही. मोठ्या संस्थांत डाव्या हाताचे उजव्या हाताला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण 'तंत्रज्ञान उपलब्ध नव्हते' ही सबब इतिहासासमोर टिकत नाही, हे त्यावरून ठरते.

२४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला. संकेतस्थळ ही लोकांना दिलेली सेवा आहे, ती देताना भेदभाव झाला, आणि अवाजवी बोजा सिद्ध झालेला नाही. १५ सप्टेंबरची मुदत मिळाली. पुढे काय झाले ते आरंभी सांगितलेच. स्पर्धा १ ऑक्टोबरला संपल्या. ६ नोव्हेंबरला आयोगाने वीस हजार डॉलरची भरपाई ठरवली. संकेतस्थळाबाबतचा जगातील हा आरंभीचा महत्त्वाचा निवाडा म्हणून आज शिकवला जातो. मॅग्वायर यांना मात्र त्या पंधरवड्यात निकालांचे तक्ते वाचायचे होते, आणि ती संधी परत येणार नव्हती.

सिडनीनंतर एक वेगळीच अडचण समोर आली : १९९९ ची तत्त्वे भराभर म्हातारी होऊ लागली. त्यांतील अनेक सूचना त्या वेळच्या यंत्रांच्या उणिवांवर बेतलेल्या होत्या. शेजारशेजारच्या दोन दुव्यांमध्ये एखादे छापील चिन्ह टाका, अशी एक सूचना होती, कारण काही स्क्रीन रीडर लागून आलेले दुवे एकच समजत. जुन्या संकेतस्थळांच्या तळाशी दुव्यांमधल्या उभ्या रेघा तुम्ही पाहिल्या असतील. त्या रेघांमागे निदान काही ठिकाणी ही सूचना असावी, असा माझा तर्क आहे. सूचनेतच 'ब्राउझर सुधारेपर्यंत' अशी अट होती. ब्राउझर सुधारले, सूचना मात्र कागदावर राहिली.

म्हणून दुसरी आवृत्ती लिहिताना मंडळींनी पाया खाली नेला. विशिष्ट टॅगांविषयी बोलण्याऐवजी माणसाविषयी बोलायचे ठरले. हे काम इतके लांबले की, आवृत्ती २.० यायला ११ डिसेंबर २००८ उजाडले. मध्यंतरी मसुद्यांवर सडकून टीका झाली. जो क्लार्क या कॅनेडियन लेखकाने २००६ मध्ये मसुदा क्लिष्ट आणि निरुपयोगी असल्याचे सांगणारा जळजळीत लेख लिहिला. टीका सर्वस्वी अन्यायाची नव्हती. त्या दस्तऐवजाची भाषा आजही कायद्याच्या कलमांसारखी कोरडी आहे, आणि सुगमतेचा ग्रंथ दुर्गम भाषेत असावा हा विनोद अनेकांनी केला आहे.

तरी त्याच्या चार खांबांनी काळाची कसोटी सोसली. आशय कोणत्या तरी इंद्रियाला गोचर असावा, तो हाताळता यावा, समजावा, आणि आजच्याच नव्हे तर उद्याच्या यंत्रांवरही टिकावा. यांतला 'हाताळता यावा' हा सर्वांत कमी बोलला जाणारा. माउस धरता न येणाऱ्या माणसाला केवळ कीबोर्डवर सगळे करता आले पाहिजे, आणि टॅबची कळ दाबत पुढे जाताना आपण कुठे आहोत हे दिसले पाहिजे. पाहायचे तर आत्ताच माउस बाजूला ठेवा आणि रेल्वेचे तिकीट काढण्याचा किंवा परीक्षेचा अर्ज भरण्याचा प्रयत्न करा.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातले आकडे अधिक खुणावतात, कारण प्रत्येक आकड्याला कुळ असते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा नियम आहे. हे साडेचार आले कुठून? साधारण दृष्टीच्या माणसाला ३ : १ पुरते, असे जुने मानदंड सांगत. दृष्टी २०/४० पर्यंत उतरली की सुमारे दीडपट फरक लागतो. तीन गुणिले दीड, साडेचार. आणि २०/४० का? कारण साधारण ऐंशी वर्षांच्या वृद्धांची दृष्टी तेवढी असते असे आढळले होते. म्हणजे या कोरड्या आकड्यामागे कोणाची तरी आजी बसलेली आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे छापणाऱ्यांनी तिला हिशेबातून वगळलेले असते.

दुसरा आकडा तीन. पडद्यावर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखाट होता कामा नये. या धाग्याच्या वाचकांपैकी अनेकांचे बालपण पोकेमॉनबरोबर गेले असेल, म्हणून सांगतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये त्या मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखला आणि साडेसहाशेहून अधिक प्रेक्षकांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीसाठी असे निर्बंध त्यापूर्वीच आले होते. जपानमध्ये या घटनेनंतर आले. वेबच्या तत्त्वांनी आपली मर्यादा घेतली ती दूरचित्रवाणीच्या याच अनुभवातून. गडद लाल रंगाच्या लखलखाटाचा त्यात वेगळा उल्लेख आहे.

पुढच्या आवृत्त्यांविषयी थोडक्यात. २.१ जून २०१८ मध्ये आली, मोबाईल आणि मंददृष्टी यांचा विचार घेऊन. २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये. पाया तोच, चार खांबांचा.

आता आपल्याकडे. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये निघाल्या, त्यांचा आधार हीच आंतरराष्ट्रीय तत्त्वे. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. पण कायदा सक्ती करत असताना त्याखालच्या नियमांची भाषा शिफारशीची होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात तो नियम, १५ (१), मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणातला निर्णय. तो मला सिडनीच्या निवाड्याचा थेट वंशज वाटतो. बँकेची ओळखपडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवावी लागते. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे आणि पापण्या जळाल्या, त्यांनी ती कशी मिटायची? अंध माणसाने चेहरा चौकटीत कसा बसवायचा? न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. मॅग्वायर यांना ऑलिंपिकचे निकाल हवे होते, इथे प्रश्न बँकेच्या खात्याचा होता. पंचवीस वर्षांत पडद्यामागे किती आयुष्य जाऊन बसले, याचे यापेक्षा नेमके माप मला सापडलेले नाही.

मराठीची स्वतःची एक गाठ आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपली कित्येक संकेतस्थळे खास फाँटवर चालत. फाँट असेल तर पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. डोळ्यांना 'महाराष्ट्र', स्क्रीन रीडरला अर्थहीन चिन्हांचा खळखळाट. चौथा खांब, टिकाऊपणाचा, इथे मोडला आणि त्या काळातला बराच मराठी मजकूर आज डोळसांनाही वाचता येत नाही. दुसरी गोष्ट भाषेच्या खुणेची. पान मराठीत आहे हे संकेतस्थळाने आत नोंदवावे लागते. ती नोंद नसेल तर हिंदी आणि मराठीची लिपी एकच असल्याने स्क्रीन रीडर मराठी मजकूर हिंदी उच्चारांत वाचू शकतो. 'चमचा'तला पहिला च आणि शेवटचा च यांत फरक करणाऱ्या कानाला ते कसे लागत असेल, ते सांगायला नको.

आणि शेवटची गोष्ट माझ्या पदरची. पेशवे दप्तरावरचा माझा धागा मी चित्रांत टाकला होता, सुंदर पार्श्वभूमीवर मजकूर छापून, कारण तसे अधिक लोक पुढे पाठवतात. एका वाचकाचा निरोप आला. ते इतिहासाचे पदवीधर, पूर्ण दृष्टिहीन. 'तुमच्या चौदा पोस्ट मी ऐकल्या. चौदा वेळा "चित्र" असा शब्द ऐकू आला.' त्यात राग नव्हता, म्हणूनच अधिक लागले. मी त्यांना तो धागा मजकुरात लिहून पाठवला. उत्तरात त्यांनी माझी एक तारीख चुकल्याचे दाखवून दिले. तारीख खरोखरच चुकली होती.

तेव्हापासून हे धागे मी मजकुरातच लिहितो आणि मोडी कागदाचे चित्र जोडले तर पर्यायी मजकुरात लिप्यंतर देतो. 'मोडी पत्र' एवढे दोन शब्द लिहून भागत नाही हे करताना कळले. कागद कोणाचा, किती ओळींचा, शिक्का कुठे, फाटला कुठे, कोणता शब्द लागत नाही, हे सारे लिहावे लागते. चार ओळींच्या एका पत्राला परवा पाऊण तास लागला. ते लिहिताना शिक्क्याखाली असलेला शेरा मला प्रथमच दिसला, ज्या चित्राकडे मी दोन वर्षे पाहत होतो त्यात. पुढचा धागा त्या शेऱ्यावर.